ठाण्यातला लग्नाआधीचा कोर्स: साडेतीन स्टार, त्यातले दोन एकट्या सिस्टरांचे

कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचं तर इथे हा कोर्स करावाच लागतो, सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय फादर पुढचं काही बोलत नाहीत, त्यामुळे करू की नको हा प्रश्नच नाही, कुठे करायचा एवढाच प्रश्न. आम्ही ठाण्यात एका पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) हॉलमध्ये केला, शनिवार-रविवार, मराठी बॅच. नाव टाकत नाहीये कारण लग्नाआधी आमची नावं मिस्सेत (चर्चच्या प्रार्थनेत) वाचली जायची बाकी आहेत आणि मला उगाच विघ्न नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आधी बारीकसारीक गोष्टी उरकते. फी दोघांची मिळून 1500, त्यात चहा, नाश्ता, जेवण. पंखे चार, चालू तीन. रविवारच्या जेवणात फुगे (आमच्याकडचे तळलेले गोल पाव) होते आणि बॉटल मसाल्याचं (आमच्या घरगुती मसाल्याचं) चिकन, त्याला अर्धा स्टार जास्त द्यायला मी तयार आहे. वेळेत सुरू होतं आणि उशिरा आलात तर आत घेतात पण सगळ्यांसमोर थांबवून कारण विचारतात. माझा होणारा नवरा वसईचा, घोडबंदरने निघाला आणि गायमुखला अडकला, त्याने खरं कारण सांगितलं आणि हॉलमधले सगळे हसले म्हणून सुटला.

आता मुख्य. शनिवारी सकाळचं सेशन एका 'अनुभवी जोडप्याचं' होतं. अंकल दीड तास बोलले. आंटी शेजारी उभ्या, हातात माइकची वायर, अंकल इकडून तिकडे गेले की ती पायात येऊ नये म्हणून गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. दीड तासात आंटींच्या तोंडून दोन वाक्यं आली, त्यातलं एक 'पाणी देऊ का'. अंकलचं म्हणणं काय तर गाडीचं स्टीअरिंग एकाच्याच हातात पाहिजे, आणि पुरावा म्हणून बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22, स्त्रियांनो आपल्या पतीच्या अधीन असा. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, नवऱ्याने हात उचलला तर? अंकल म्हणाले, प्रत्येकाला आपापला क्रूस उचलावा लागतो. आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मला त्या क्षणी उठून जायचं होतं, सर्टिफिकेटने बसवून ठेवलं.

हे क्रूसाचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, आमच्या आत्याला दोनदा ह्याच वाक्यावर सासरी परत पाठवलंय, दुसऱ्यांदा तर हाताला प्लास्टर असताना.

दुपारी सिस्टर (नन) आल्या. साठीच्या असतील, आवाज बारीक, माइक नको म्हणाल्या. सगळ्यांना बायबलं वाटली आणि सांगितलं तेच पान काढा, इफिस 5. आमच्या हातातल्या प्रतीत वचन 21 आणि 22 च्या मधे जाड अक्षरात हेडिंग होतं, पती-पत्नीबद्दल. सिस्टर म्हणाल्या त्या हेडिंगवर अंगठा ठेवा. ठेवला. आता वरून वाचा. 21 मध्ये लिहिलंय एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! हेडिंग नंतर छापणाऱ्यांनी टाकलेलं, पत्र लिहिणाऱ्या पौलाने नाही, आणि आपण सगळे त्या हेडिंगखालून वाचायला सुरुवात करतो. पुढे त्यांनी सांगितलं की ग्रीकमधल्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत 22 मध्ये 'अधीन असा' हे क्रियापदच नाहीये, ते 21 मधून घ्यावं लागतं, म्हणजे वरचं वाक्य तोडलं तर खालचं उभंच राहत नाही. हॉलमध्ये पंचवीस-तीस अंगठे पानावर आणि कोणी काही बोलेना.

मग म्हणाल्या, बायकोने नवऱ्याचं ऐकावं हे त्या काळी कोणाला नवीन नव्हतं, रोमन घराघरात तेच चालू होतं. नवीन होतं ते नवऱ्याला सांगितलेलं, की ख्रिस्ताने जसा जीव दिला तशी बायकोवर प्रीती कर. आणि मोजा म्हणाल्या. मोजलं. बायकांना तीन वचनं, नवऱ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त. पोप जॉन पॉल दुसरे यांनी पण 1988 च्या पत्रात हेच लिहिलंय की अधीनता दोन्ही बाजूंनी आहे, म्हणजे हे सिस्टरांचं घरचं काही नाही.

आमच्या साहेबांनी हात वर केला, पण 23 मध्ये पती मस्तक आहे असं आहे ना? (घरी गेल्यावर बघते म्हटलं.) सिस्टर म्हणाल्या, आहे, आणि त्या मस्तकाने काय केलं ते योहान 13 मध्ये वाच, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. साहेब बसले.

सगळं गोड नव्हतं. एका मुलीने तीमथ्यला लिहिलेलं पत्र काढलं, बायकांनी शिकवू नये ते, तर सिस्टर म्हणाल्या तुला शिकवतंय कोण सध्या, आणि वेळ संपली. उत्तर भारी होतं पण उत्तर नव्हतं. येशूची शिष्या मारिया माग्दालेनाने त्याच्या पुनरुत्थानाची बातमी सगळ्यात आधी दिली, 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांसारखा सणाचा दर्जा दिला, हे सगळं सांगून झालं, मग अल्तारावर (वेदीवर) फादरच्या जागी बाई का नाही ह्यावर कोणी तोंड उघडत नाही. आणि दोन दिवसांत पंडिता रमाबाईंचं नाव एकदाही नाही! बाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणते, केडगावला तिच्या मुक्ती मिशन आश्रमात बायकांच्या हातून ते छापलं जातं, आणि मराठी बॅचला स्लाइड कोणाची तर अमेरिकन जोडप्याची. त्या कॅथलिक नव्हत्या हे कारण मला चालणार नाही.

रविवारी वकिलीणबाई. हे सेशन मोबाइल बाजूला ठेवून ऐका. 1869 च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोच्या नुसत्या व्यभिचारावर घटस्फोट मागता यायचा आणि बायकोला मात्र व्यभिचाराला छळ नाहीतर दोन वर्षं टाकून देणं असं काहीतरी जोडावं लागायचं, नुसत्या मारहाणीवर तर नाहीच, आणि पुस्तकात हे 2001 च्या दुरुस्तीपर्यंत होतं, म्हणजे माझ्या जन्मानंतरही. चर्चचं ॲनलमेंट (लग्न मुळातच वैध नव्हतं असा निर्णय) मिळालं म्हणजे कोर्टातला कागद मिळाला असं नाही, दोन्ही वेगळं. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा सगळ्या धर्मांना लागू, हेल्पलाइन 181. आणि जे अंकलना माहीत नव्हतं ते, चर्चच्याच कायद्यात कॅनन (कलम) 1153 आहे, जोडीदारापासून स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं, थांबण्यात धोका असेल तर आधी कोणाची परवानगी न घेता. क्रूसबिस काही नाही. मी मागे वळून त्या मुलीकडे बघितलं, ती लिहून घेत होती.

शेवटी वारसा. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या कायद्याने विधवेला तिसरा हिस्सा आणि उरलेलं मुलगा-मुलगी सारखं. मी घरी येऊन जेवताना हे सगळं सांगितलं. आमचं गावठाणातलं घर रीडेव्हलपमेंटला चाललंय, आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि आत्याच्या सहीसाठी हक्कसोडपत्र तयार होऊन कपाटात पडलंय. ते ज्याच्या नावाने आहे ते माझेच पप्पा, समोर बसून भात कालवत होते. कोणी काही बोललं नाही. भांडी घासताना आत्याने हळूच विचारलं, त्या वकिलीणबाईंचा नंबर आहे का गं?

नव्हता. म्हणून आयोजकांना एवढंच, अंकलच्या सेशनला आंटींना बोलू द्या नाहीतर ते बंद करा, चौथा पंखा दुरुस्त करा आणि हँडआउटवर वकिलीणबाईंचा नंबर छापा. पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत या.