येस मीच दाबलं

अँटिव्हायरसची मुदत अजून सात महिने शिल्लक होती, तरी ऑफिसातल्या मुख्य कॉम्प्युटरवरचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा एका रविवारी रात्रीत लॉक झाला. आधी मी अँटिव्हायरसवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग कळलं, त्याला गप्प बसायला मीच सांगितलं होतं.

इचलकरंजीत जीएसटी-इन्कमटॅक्सची कामं करतो. बहुतेक क्लायंट यंत्रमागवाले, दोन-चार सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ लावणारे. 10 तारखेची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख, आणि एका प्रायव्हेट लिमिटेडची डीएससी, म्हणजे डिजिटल सही, जीएसटीचं पोर्टल काही केल्या घेईना. सही ज्यात असते त्या यूएसबी टोकनचा दिवा लुकलुकतोय, सही पोर्टलला पोचवणारा सायनर प्रोग्रॅम चालू आहे, पोर्टल मात्र सही सापडत नाही म्हणतंय. पोर्टलवरच्या हेल्पडेस्कला फोन लावून ताटकळायची तयारी नव्हती. गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. त्यावर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं होतं. पैसे भरून तिथं कुणीही बसू शकतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाई होती.

समोरचा मराठी बोलत होता, आणि आमच्या धंद्यातलंच बोलत होता. "टोकनचा ड्रायव्हर जुना झालाय साहेब. सायनर रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलाय ना?" एवढं ऐकलं की माझ्यासारखा माणूस विरघळतोच. त्यानं रिमोटचा एक प्रोग्रॅम उतरवायला लावला. प्रोग्रॅम अस्सल, नावाजलेला. मी स्वतः तो क्लायंटकडे वापरतो. दोन मिनिटांनी म्हणाला, "माझ्याकडं स्क्रीन काळी झाली. तुमच्याकडं काही विचारतंय का? येस करा."

सगळी गोम या एका वाक्यात आहे. 2007 साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून मशीनमध्ये मोठा बदल करायचा असला की स्क्रीन अंधारते आणि परवानगी मागणारी खिडकी येते. साध्या हक्कांवर चालणाऱ्या रिमोट प्रोग्रॅमला ती खिडकी दिसत नाही आणि तिच्यावरचं बटणही दाबता येत नाही. दाबायला खुर्चीत बसलेला माणूसच लागतो. त्याला मी हवा होतो तो एवढ्यापुरता. त्या खिडकीची वरची पट्टी निळी होती, व्हेरिफाइड पब्लिशर म्हणून कंपनीचं नाव होतं, आणि ते खरंच होतं. पण निळी पट्टी प्रोग्रॅम कुणाचा ते सांगते. पलीकडून तो चालवतोय कोण, हे तिला काय ठाऊक! मी येस दाबलं. रिमोट पूर्ण हक्कांनिशी मशीनमध्ये बसला, आणि पुढचे सगळे येस तो स्वतःच दाबू लागला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या मी काढून दिल्या.

"पाच मिनिटं लागतील, चहा घ्या तोवर." चहा हातातच होता. एक पिवळी पट्टी आली आणि गेली. पब्लिशर अननोन. मी ती पाहिली. वर्षानुवर्षं ह्या ना त्या युटिलिटीवर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर, येस, ॲडमिनिस्ट्रेटर, येस करत आलोय. पट्टीला रंग असतो हेच विसरलो होतो. मग त्यानं अँटिव्हायरस उघडला. "हाच अडवतोय सायनरला. ट्रस्टेडमध्ये टाकतो." मी हो हो म्हणालो. आणि डीएससी चालली! मी त्याचे आभार मानले, दोनदा.

2,360 रुपये यूपीआयनं दिले. 2,000 आणि वर 18 टक्के. बिलसुद्धा आलं, जीएसटीआयएन छापलेलं. पुढं पोलिसांना द्यायला ते बिल काढलं तेव्हा नंबर मोजला: चौदा अक्षरं. पंधरा हवीत. पहिली दोन राज्याची, मग दहा पॅनची, मग तीन. याच कामावर माझं घर चालतं.

चौथ्या दिवशी सोमवारी ऑफिसातल्या मुलीनं कॉम्प्युटर लावला तर एकही फाइल उघडेना. नावांपुढं भलतीच शेपटं लागलेली, आणि डेस्कटॉपवर 1,200 डॉलर बिटकॉइनमध्ये मागणारी चिठ्ठी. बॅकअपचा पेनड्राइव्ह मागच्या बाजूला कायम खोचलेला असायचा, त्यामुळं तोही गेला. हार्डवेअरवाल्यानं अँटिव्हायरसमधली एक्सक्लूजनची यादी उघडून दाखवली. सायनरचं नाव त्यात नव्हतंच. दोनच ओळी होत्या: अख्खा सी ड्राइव्ह, अख्खा डी ड्राइव्ह. म्हणजे आत काहीही चाललं तरी बघायचं नाही. अँटिव्हायरस इमानदार, त्यानं बघितलं नाही.

डॉलर दिले नाहीत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. 2,360 केव्हाच पुढं सरकले होते. भरलेली रिटर्न्स पोर्टलवर होती म्हणून निम्मं तरी जुळवता आलं. बाकी व्हाउचर क्लायंटच्या फायली मागवून दीड महिना हातानं टाकली. एका सायझिंगवाल्यानं सगळी कागदं परत नेली. त्याचं काही चुकलं नाही.

मशीन पुसून नवं विंडोज टाकलं. आता सगळ्यांची, माझीसुद्धा, रोजची लॉगिन साध्या हक्कांची आहेत. ॲडमिनचा पासवर्ड कपाटातल्या पाकिटात. कपाटाची किल्ली बायकोकडं, कारण 10 तारखेच्या संध्याकाळी माझा माझ्यावर भरवसा नाही. एक्सक्लूजनची यादी दर शनिवारी बघतो. तुमची आत्ता उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या दुरुस्तीवाल्यानं काय टाकून ठेवलंय कुणास ठाऊक. पोरांना वैताग येतो, प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायलाही मला हाक मारावी लागते. परवा पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "सर, पिवळं आलंय!" मी चहा खाली ठेवला आणि उठलो.