क्रिएटिनिन खरंच उतरतं, म्हणूनच माणूस फसतो

किडनीच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीत एक गोष्ट वेगळी आहे. इथे पैसे घेणारा पुरावा देतो, आणि तोही बाहेरच्या प्रयोगशाळेचा, खराखुरा. रिपोर्टवरचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायच्या कचऱ्याचा, आकडा उतरलेला असतो. शिकलेली, चौकस माणसंही इथेच गळाला लागतात.

पद्धत ठरलेली असते. समजा, पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन २.४ आलं आहे. ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या कामाचा अंदाज, ३१ च्या आसपास. डॉक्टर सांगतात, गेलेलं बहुधा परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं. हे ऐकून माणूस खचतो. तेवढ्यात ‘डायलिसिस टळेल’ म्हणणारा कुणीतरी भेटतो. तो रिपोर्टचा फोटो मागवतो, बाटल्या पाठवतो आणि तीन अटी घालतो: चालू गोळ्या आजपासून बंद, प्रथिनं जवळपास बंद, पाणी भरपूर. ‘पंधरा दिवसांनी स्वतःच तपासून बघा.’ तपासलं तर १.९. ईजीएफआर ४१ वर. मग सहा महिन्यांच्या औषधाचे पैसे एकरकमी दिले जातात, तेही आनंदाने.

बाटलीत नुसतं रंगीत पाणी असतं तरी हा आकडा उतरला असता. काम त्या अटी करतात.

पहिली अट सगळ्यात घातक. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या गोळ्या किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वेगळ्या वाटेने तेच साधतात. दाब कमी झाला की सुरुवातीला गाळणंही थोडं कमी होतं आणि क्रिएटिनिन चढतं. पहिल्या गटाच्या गोळ्या सुरू केल्यावर सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक वेळा चालवून घेतात, कारण त्या बदल्यात गाळण्या जास्त वर्षं टिकतात. गोळ्या थांबवल्या की उलटं होतं: दाब वाढतो, गाळणं वाढतं, क्रिएटिनिन उतरतं. दमलेल्या बैलाला पराणी टोचली की तो चार पावलं झपाझप टाकतो, तसलाच हा प्रकार. आतून गाळण्या झिजत राहतात, लघवीतून प्रथिन जास्त वाहू लागतं, रक्तदाब वर जातो.

दुसरी अट. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, शिजवलेल्या मांसातूनही येतं. मांस बंद केलं की थोडा फरक लगेच पडतो. पुढे अंगावरचं मांस झडलं की आकडा आणखी उतरतो, पण किडनी सुधारलेली नसते, माणूस वाळलेला असतो. डायलिसिस नसलेल्या रुग्णाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिन सांगतात, म्हणजे ६० किलोला ४८ ग्रॅम. जवळपास शून्यावर आणणं ही उपासमार आहे.

पाण्याचं गणित सोपं आहे. पहिली तपासणी अंगात पाणी कमी असताना झाली असेल तर पाणी प्यायल्यावर आकडा आपोआप सुधारतो. जुलाब, वेदनाशामक गोळ्या किंवा प्रोस्टेटमुळे तुंबलेली लघवी यांनी तात्पुरतं चढलेलं क्रिएटिनिनही कारण दूर झाल्यावर उतरतं. श्रेय बाटलीला जातं. मात्र ज्याच्या पायावर सूज आहे किंवा हृदय कमजोर आहे, त्याला ‘भरपूर पाणी’ थेट धाप लागण्यापर्यंत नेऊ शकतं.

आता बाटलीबद्दल. ती निरुपद्रवी निघाली तर नशीबच म्हणायचं. भेसळीच्या औषधांत स्टेरॉइड सापडतात, त्याने भूक आणि तरतरी येते, साखर आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणारं औषध मिसळलं की सूज उतरते आणि रुग्णाला वाटतं किडनी चालू झाली. पारा किंवा शिसं असेल तर दोन्ही किडनीला मारक. काही वनस्पतीही तशाच: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत चुकीची वनस्पती गेली, तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द सुरक्षिततेची हमी नाही. हिरव्या रसांतलं पोटॅशियम आणि किडनीत साचणारं ऑक्झलेट हा आणखी एक धोका. रक्तातलं पोटॅशियम ६.५ च्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो, आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

‘आधी आणि नंतर’चे फोटो दाखवतात, तेही वाचायला शिका. डायलिसिसच्या एकाच सत्रात क्रिएटिनिन निम्म्याहून खाली येऊ शकतं. सत्राआधीचा आणि नंतरचा रिपोर्ट शेजारी ठेवला की चमत्कार तयार. एककही बघा, ते बदललं की तोच आकडा उतरलेला दिसतो: २१२ मायक्रोमोल प्रति लिटर म्हणजेच २.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, भागायचं ८८.४ ने. वय आणि लिंग झाकलेला रिपोर्ट तर बघूच नये. तेच १.२ पंचवीस वर्षांच्या पुरुषात ईजीएफआर ८६ देतं, सत्तर वर्षांच्या स्त्रीत ४९.

लक्षणांवरूनही गंडवतात. कंबर दुखली की ‘किडनी खराब’. प्रत्यक्षात किडनीचा हा दीर्घकाळचा आजार बहुधा दुखत नाही, सुरुवातीला तर काहीच जाणवत नाही. लघवीला टिकून राहणारा फेस, रात्री वारंवार उठावं लागणं, घोट्यांवर किंवा पापण्यांवर सूज, न आवरणारा रक्तदाब यांकडे लक्ष हवं. खाज, मळमळ, तोंडाला धातूसारखी चव ही बरीच उशिराची. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लक्षणांची वाट न बघता वर्षातून एकदा तपासायचं.

खरी पारख करायची तर क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून किती प्रथिन गळतं त्याचं माप, मागा. ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या खाली ठीक, ३०० च्या वर गळती जास्त. गोळ्या बंद करून ‘सुधारलेल्या’ रुग्णात हे बहुतेक वेळा वाढलेलं सापडतं, आणि नेमकी हीच तपासणी बाटलीवाला कधी सांगत नाही. वजन घटलं असेल तर सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करावी, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. सगळ्या तपासण्या एकाच प्रयोगशाळेत, आणि निर्णय निदान तीन महिन्यांच्या आकड्यांवर. ०.१-०.२ चा फरक नुसत्या मोजण्यातही पडतो.

बाटली सुरू झाली असेल तर आजच थांबवा आणि दोन-तीन दिवसांत पोटॅशियम, क्रिएटिनिन, बायकार्बोनेट तपासा. धडधड, अशक्तपणा किंवा लघवी कमी झाली असेल तर तेवढंही थांबू नका, ईसीजीसाठी लगेच जा. एक अपवाद: महिनोन्‌महिने घेतलेल्या औषधात स्टेरॉइडचा संशय असेल तर ते अचानक तोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. सोडलेल्या गोळ्याही आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, पोटॅशियम चढलेलं असेल तर त्यातल्या काही ते आणखी वाढवतात. डॉक्टरांकडे जाताना उरलेलं औषध, वेष्टन आणि पैसे दिल्याची पावती सोबत न्या. औषध टाकून देऊ नका: आत काय होतं ते त्या उरलेल्या थेंबांतूनच तपासता येतं.