गुगल ॲड्सच्या सर्च जाहिराती: काही महिने वापरल्यानंतर

सर्च जाहिरातींचा मोठा गुण म्हणजे माणूस स्वतःहून काही शोधत असतो, नेमकं तेव्हाच आपण त्याच्यासमोर येतो. मात्र ज्या वस्तूचा शोधच कुणी घेत नाही, तिच्यासाठी हा मार्ग नाही. मागणी असेल तर चौकशा लवकर येतात. त्यातल्या कामाच्या किती, हे जाहिरातीच्या मजकुरापेक्षा सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी नेमकं काय शोधल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी) किती नियमित बघता यावर ठरतं.

कॅम्पेन उघडतानाच डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइट्स आणि ॲप्सवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर्स (गुगलशी जोडलेल्या इतर शोध-साइट्स) यांवरची टिकची खूण काढा. नाहीतर कुठल्या जागेने काय दिलं ते कळायला वेळ लागतो. लोकेशनचा मूळ पर्याय त्या भागात रस दाखवणाऱ्या बाहेरच्या लोकांनाही जाहिरात दाखवतो. ठरावीक भागातच सेवा देत असाल तर 'प्रेझेन्स' निवडा. रोजचं बजेट ही सरासरी असते. एखाद्या दिवशी दुप्पट खर्च होऊ शकतो, पण महिन्याचा हिशोब त्या रकमेच्या ३०.४ पटीच्या आत राहतो. म्हणून एका दिवसाचा आकडा बघून बजेट हलवू नका.

खरी मेहनत कीवर्डवर, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द निवडण्यावर. समजा 'अकाउंटिंग सॉफ्टवेअर' हा शब्द ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे संबंधित शोधांनाही जाहिरात दाखवणाऱ्या पर्यायात, टाकला. रिपोर्टमध्ये 'अकाउंटिंग कोर्स', 'अकाउंटंट नोकरी पगार', 'फ्री डाउनलोड' असे शोध दिसू लागतात. यातला कुणीच विकत घ्यायला आलेला नाही, पण क्लिकचे पैसे लागले. सुरुवात एक्झॅक्ट (त्याच अर्थाचा शोध) आणि फ्रेज मॅचने (तो अर्थ ज्यात येतो असा शोध) करा, आठवड्यातून एकदा तरी रिपोर्ट उघडा आणि नको ते शब्द निगेटिव्ह यादीत (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दाखवायची नाही त्यांची यादी) घाला. इथे बरेच जण फसतात: निगेटिव्ह शब्दाला समानार्थी शब्द किंवा अनेकवचन आपोआप लागू होत नाही. 'नोकरी', 'नोकऱ्या', 'जॉब' तिन्ही वेगवेगळे लिहावे लागतात. शिवाय फार कमी वेळा झालेले शोध रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत, त्यामुळे थोडी गळती राहतेच.

जाहिरातीत १५ पर्यंत हेडलाइन्स (प्रत्येकी ३० अक्षरं) आणि ४ वर्णनं (प्रत्येकी ९० अक्षरं) बसतात. एकच गोष्ट पंधरा तऱ्हेने सांगू नका. कुणासाठी, काय मिळेल, पुढे काय करायचं, हे वेगवेगळ्या ओळींत येऊ द्या. क्वालिटी स्कोअर (गुगल कीवर्डला देतं ते गुण) कमी दिसला तर त्याचे तीन घटक बघा: क्लिकची अपेक्षा, जाहिरातीची शोधाशी जुळणी आणि लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान). सगळ्या जाहिराती होमपेजवर नेल्या की बहुतेक वेळा शेवटचा घटक घसरतो.

कन्व्हर्जनची (क्लिकनंतर झालेली चौकशी किंवा विक्री) मोजणी चुकली तर ऑटोमॅटिक बिडिंगही (क्लिकची बोली गुगलने स्वतः ठरवणं) चुकीचंच शिकतं. फॉर्मचं पान नुसतं उघडलं की कन्व्हर्जन धरू नका. फॉर्म भरून पाठवल्यावरच धरा. चौकशीसाठी 'वन' (एका क्लिकमागे एकच) आणि विक्रीसाठी 'एव्हरी' (प्रत्येक) ही मोजणी ठेवा. ही घडी नीट बसेपर्यंत टार्गेट सीपीए (एका कन्व्हर्जनमागे सरासरी किती खर्च हवा ते ठरवून देणं) लावायची घाई नको. क्लिक भरपूर आणि कन्व्हर्जन शून्य, असं झालं तर आधी रिडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेणं) तपासा. लँडिंग पेजच्या पत्त्याच्या शेवटी ?gclid= लिहा (gclid म्हणजे गुगल प्रत्येक क्लिकला देतं ती ओळख), पुढे कुठलाही शब्द टाकून पान उघडा. पान पूर्ण उघडल्यावर ॲड्रेस बारमधून तो भाग गायब झाला असेल, तर क्लिकची ओळख वाटेतच पुसली जाते आहे. हा दोष वेबसाइट सांभाळणाऱ्यालाच दुरुस्त करावा लागतो.