कन्फर्मचं उत्तर सर्व्हरला: हिडन फील्ड की फेच?

सोलापुरात चादरींच्या ऑर्डरचं अ‍ॅप करणाऱ्या धाकट्या मित्राने विचारलं, "दादा, ऑर्डर रद्द करताना ग्राहकाने ओके दाबलं, हे सर्व्हरला कसं कळवू?" कन्फर्म, म्हणजे जावास्क्रिप्टची 'ओके की कॅन्सल' विचारणारी चौकट, चालतं ब्राउझरमध्ये; त्याचं ट्रू-फॉल्स (ओके म्हणजे ट्रू, कॅन्सल म्हणजे फॉल्स) आपणच पाठवावं लागतं.

हिडन फील्डला, म्हणजे फॉर्ममधल्या न दिसणाऱ्या रकान्याला, मेहनत कमी: उत्तर भरा, फॉर्म सबमिट करा. मात्र फील्डला नेम दिलं नाही तर सर्व्हरकडे काहीच जात नाही. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. पानही पुन्हा लोड होतं.

फेचमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टनेच मागच्या मागे सर्व्हरला उत्तर पाठवण्यात, पान जागेवर राहतं. पण सर्व्हरकडून ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड झाल्याचा स्टेटस कोड) आलं तरी फेचचं प्रॉमिस रिजेक्ट होत नाही, म्हणजे बिघाड आपोआप कळत नाही; स्टेटस तपासावाच लागतो.

सुरक्षेत दोन्ही सारखेच कच्चे. रद्द करायचा अधिकार सर्व्हरवरच तपासा.

जुना, फॉर्मवर चालणारा प्रोजेक्ट असेल तर हिडन फील्ड. ऑर्डरची लांबलचक यादी एकाच पानावर असेल, तर फेच.