एलिफंट: स्पाइक ट्रेनसाठी दमदार, पण डिफॉल्टवर विसंबू नका

पायथनमध्ये स्पाइक ट्रेनच्या (न्यूरॉनने कधी कधी विद्युत ठोका, म्हणजे स्पाइक, दिला त्या वेळांच्या यादीच्या) सांख्यिकीय चाचण्या करायच्या तर एलिफंट ही मोफत, ओपन सोर्स लायब्ररी आधी घ्यावी. डेटा नियो या पायथन लायब्ररीच्या ऑब्जेक्टमध्ये लागतो आणि प्रत्येक आकड्याला एकक जोडावं लागतं. कटकट वाटते खरी, पण सेकंद-मिलिसेकंदाचा घोळ तिथल्या तिथे पकडला जातो.

लायब्ररीतलं सगळ्यात कामाचं मोड्यूल म्हणजे स्पेड. अनेक न्यूरॉनमध्ये पुन्हा पुन्हा येणारे, वेळेत नेमके बसणारे पॅटर्न ते शोधतं. सुटं सुटं तपासायचं तर 100 न्यूरॉनच्या नुसत्या जोड्याच 4950 होतात. बॉनफेरोनीने (0.05 ची मर्यादा चाचण्यांच्या संख्येने भागण्याच्या पद्धतीने) मर्यादा 0.00001 च्या आसपास जाते, आणि 1000 सरोगेटमधून (तुलनेसाठी मूळ ट्रेनमधल्या वेळा विस्कटून बनवलेल्या नकली डेटामधून) मिळणारी सर्वांत लहान पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) 1/1001. म्हणजे काहीच सिद्ध होणार नाही. स्पेड एकेका पॅटर्नची चाचणी न घेता किती स्पाइक, किती वेळा आला यावरून गट पाडून चाचणी घेतं. चाचण्यांची संख्या एकदम खाली येते.

आता दोन खाचखळगे. एन_सर, म्हणजे सरोगेटची संख्या, डिफॉल्टने 0 असतं. तसंच चालवलं तर पॅटर्नची लांबलचक यादी मिळते, पण चाचणी झालेलीच नसते! किमान 1000 द्या, अल्फाही (पी-व्हॅल्यूची मर्यादा) स्वतः लिहा.

दुसरा जास्त फसवा आहे. सरोगेटची डिफॉल्ट पद्धत प्रत्येक स्पाइक सुटा सुटा, ±15 मिलिसेकंदांत हलवते. मूळ ट्रेनमध्ये रिफ्रॅक्टरी काळामुळे (एका स्पाइकनंतर न्यूरॉन क्षणभर पुन्हा फायर करू शकत नाही त्यामुळे) स्पाइक एकमेकांपासून अंतर राखून असतात. हलवल्यावर दोन स्पाइक एकाच बिनमध्ये (वेळेच्या छोट्या कप्प्यात) पडतात आणि बिनमध्ये मोजला जातो एकच. सरोगेटमधले स्पाइक घटतात, योगायोगाने जुळणारे पॅटर्नही घटतात, आणि मूळ डेटा उगाचच भाव खाऊन जातो. न्यूरॉन जितका वेगाने फायर करणारा, तितकी ही गळती मोठी. म्हणून बिनिंगनंतर मूळ आणि सरोगेटमधले भरलेले बिन मोजून ताडून पाहाच. फरक दिसला तर ट्रायल-शिफ्टिंग वापरा: त्यात ट्रायलमधली (प्रयोगाच्या एका फेरीतली) अख्खी ट्रेन एकदम सरकते, त्यामुळे स्पाइकमधली अंतरं जवळपास तशीच राहतात. त्यासाठी ट्रायलची लांबी सांगावी लागते.

वेगाचं म्हणाल तर सरोगेट एकमेकांवर अवलंबून नसल्याने एमपीआयने (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटण्याच्या प्रणालीने) कोअरवर वाटता येतात. तरीही विनलेन (पॅटर्न शोधायच्या खिडकीची लांबी, बिनमध्ये) वाढवली की पॅटर्नची संख्या भसाभस वाढते आणि रॅम संपते. आधी लहान विनलेन, मिन_ऑक (पॅटर्न किमान किती वेळा यावा) 10 च्या पुढे, मग हळूहळू सैल करा.