यूआय-यूएक्स शिकायचंय: कोर्स करावा की स्क्रीन गिरवाव्यात?

दोन्ही रस्त्यांवर मी अर्धाअर्धाच चाललोय, तेव्हा हे बेतानंच घ्या. आधी साडेचार महिने रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा एक ऑनलाइन कोर्स केला. मग तो बाजूला ठेवून रोजच्या वापरातल्या ॲपच्या स्क्रीन फिग्मात जशाच्या तशा पुन्हा बनवत बसलो. या दुसऱ्या उद्योगाला मी गिरवणं म्हणतो, कारण पाटीवर 'अ' गिरवण्यापेक्षा तो फारसा वेगळा नाही. यूआय म्हणजे ॲपचं दिसणारं रूप, यूएक्स म्हणजे ते वापरतानाचा अनुभव आणि फिग्मा म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच.

आधी कोर्सच्या बाजूनं बोलतो, कारण पुढे माझा कल काही लपून राहणार नाही.

कोर्समुळे कामाला क्रम येतो. माणसांशी बोला, त्यातून गरज शोधा, कागदावर वायरफ्रेम, म्हणजे स्क्रीनचा कच्चा आराखडा, काढा, मग प्रोटोटाइप, म्हणजे दाबून बघता येईल असा नमुना, मग चाचणी. एकटा शिकणारा हटकून रंगांपासून सुरुवात करतो. मीही केली असती. शिवाय भाषा मिळते. वापरसुलभतेचा तज्ज्ञ असलेल्या जेकब नील्सनचे १९९४ सालचे दहा नियम मी आपण होऊन कधी वाचले नसते. त्यातला पहिलाच नियम असा, की आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला सतत कळत राहावं. तो वाचल्यापासून एखादं ॲप नुसतंच चक्र फिरवत बसलं आणि किती बाकी आहे ते सांगेना, की माझं डोकं फिरतं. पूर्वी वाटायचं, आपलंच नेट हळू आहे. नोकरीसाठी बोलायला बसलात तर ही भाषा उपयोगी पडते, आणि आठवड्याच्या मुदतीमुळे आळशी माणूसही हलतो.

बारीकसारीक तक्रारी होत्या. व्हिडिओ अडोबी एक्सडी या फिग्मासारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले होते आणि ते सॉफ्टवेअर अडोबीनं २०२३ साली सुटं विकणं बंद केलं. म्हणजे शिक्षक एका खिडकीत, मी दुसऱ्या, आणि त्यांनी दाबलेलं बटण माझ्याकडे भलत्याच मेनूत. पण याचं फार दुःख करू नये. साधनं बदलत राहतात, आणि एक नीट आलं की दुसरं हाताला बसायला वेळ लागत नाही.

माझं बिनसलं ते गृहपाठाच्या तपासणीवर.

हजारो विद्यार्थी असलेल्या कोर्सात शिक्षक काही प्रत्येकाचं काम बघत नाही. आपण तीन जणांचं तपासायचं, तिघं आपलं तपासणार. मी ग्रंथालयातलं पुस्तक राखून ठेवायचं एक ॲप केलं होतं. पुस्तक शोधा, मुखपृष्ठ बघा, 'राखून ठेवा' दाबा, हिरवी खूण, झालं. पाच स्क्रीन करायला मला बारा दिवस लागले. निकाल आला: पहिल्यानं लिहिलं 'छान', दुसऱ्यानं 'छान काम, असंच चालू ठेवा', तिसऱ्यानं नुसता अंगठा. गुण पूर्ण.

पहिल्यांदा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या गृहपाठालाही तेच शब्द आले तेव्हा शंका आली. मग एकदा मुद्दाम एका स्क्रीनवरचं 'मागे' जायचं बटण काढून टाकलं आणि काम पाठवलं. माणूस त्या स्क्रीनवर शिरला की अडकलाच पाहिजे. उत्तर आलं, 'रंगसंगती आवडली.' त्या तिघांना दोष कसा देऊ? मीही घाईघाईत इतरांना तेच लिहीत होतो. आम्ही सगळेच नवशिके. चूक दिसायला जी नजर लागते ती मिळवायलाच तर आलो होतो. पण त्या संध्याकाळी कोर्स बंद केला तो केलाच. मी चुकतोय हे मला कोण सांगणार, या प्रश्नाला त्या पैशांत उत्तर नव्हतं.

तुमच्या कोर्सात अनुभवी माणूस स्वतः काम बघत असेल तर ही सगळी तक्रार सोडून द्या. तसे कोर्स असतात.

आता गिरवणं. मी फोनमधल्या गजराच्या स्क्रीनपासून सुरुवात केली. स्क्रीनशॉट काढला, फिग्मात टाकला, हलू नये म्हणून त्याचा लेयर (थर) कुलूपबंद केला आणि शेजारी रिकाम्या फ्रेममध्ये नुसतं बघून तीच स्क्रीन बनवली. झाल्यावर माझी प्रत उचलून मूळ स्क्रीनवर ठेवली आणि पाचचा आकडा दाबला, की तिची ओपॅसिटी पन्नास टक्के होते. खालचं वर दिसायला लागतं. आणि मग जे दिसलं त्यानं माझी खोड मोडली. अक्षरं दुहेरी, जणू चष्मा विसरलोय. माझा मथळा मूळच्या वर सरकलेला, ओळींमधलं अंतर कमी, गजर चालू-बंद करायचं बटण कडेला चिकटलेलं. तोवर मला वाटत होतं, अगदी हुबेहूब झालंय.

इथे 'छान' म्हणणारं कुणी नाही.

पहिला आठवडा मात्र एका मूर्खपणात गेला, तो सांगून ठेवतो म्हणजे तुमचा वाचेल. मी दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत चौकोन काढून त्याची उंची मोजायचो आणि आकडे यायचे ४८, ७२, १४४. एवढ्या मोठ्या जागा सोडतात? माझ्या फ्रेममध्ये काही मावेच ना. नंतर लक्षात आलं की स्क्रीनशॉट १०८० पिक्सेल रुंद आहे आणि माझी फ्रेम ३६०. प्रत्येक आकड्याला तीननं भागायचं होतं. १६, २४, ४८. भागल्यावर दुसरीच गंमत पुढे आली: बहुतेक सगळी अंतरं आठच्या पाढ्यातली. आठच्या पटीत अंतरं ठेवायचा हा प्रघात कोर्समध्ये एका स्लाइडवर होता, मी तो वहीत लिहूनही घेतला होता. पण स्वतः मोजून हाती लागलेला पाढा काही वेगळाच बसतो. बोटानं दाबायची जागा ॲपलच्या मते किमान ४४ पॉइंट आणि गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीत ४८ डीपी असावी (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरची मापं), हेही तसंच पक्कं झालं. ऑटो लेआउट, म्हणजे मजकूर वाढला की मांडणी आपोआप सरकवणारी फिग्मातली सोय, तीही कळली ती गजराचं नाव मुद्दाम लांबलचक करून पाहिलं तेव्हा. माझ्या प्रतीत नाव थेट बटणावर चढलं. मूळ ॲपमध्ये ते गुमान दुसऱ्या ओळीत गेलं.

गिरवण्याच्याही अडचणी आहेत आणि त्या लहान नाहीत. मूळ स्क्रीन काय केलंय ते दाखवते, का केलंय ते सांगत नाही. आणि तिच्यातले दोषही आपण इमानेइतबारे गिरवतो. एका नामांकित ॲपच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या फिकट करड्या तारखा मी किती प्रेमानं उतरवल्या होत्या! सहज कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, तपासला तर २.८ ला १. वाचनसुलभतेच्या निकषांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ ला १ हवा. हे निकष असतात हे मला कोर्समुळेच ठाऊक होतं, ते कबूल करायला हवं. आणखी एक: गिरवलेलं काम पोर्टफोलिओत आपलं म्हणून ठेवू नये. तो सराव आहे, रियाज आहे. मैफिलीत रियाज ऐकवत नाहीत.

मग काय निवडावं? प्रमाणपत्र मागणारी नोकरी डोळ्यांसमोर असेल, किंवा कुणी मागे लागल्याशिवाय काम होत नसेल, तर कोर्स घ्या. त्यात कमीपणा नाही. वेळ थोडा आणि जिद्द बरी असेल तर माझ्या अल्पमतीप्रमाणे आधी महिनाभर वीसेक स्क्रीन गिरवाव्यात, आणि मग कोर्समधले फक्त माणसांशी बोलण्याचे आणि चाचणीचे धडे बघावेत. मी उलट्या क्रमानं गेलो. तेच धडे नंतर पुन्हा पाहिले तेव्हा शिक्षक काय म्हणत होते ते पहिल्यांदा समजलं.

त्या धड्यांमुळेच ते ग्रंथालयाचं ॲप शेवटी एका खऱ्या माणसापुढे गेलं. बहुतेक अडचणी उघड व्हायला पाच माणसं पुरतात, असं नील्सननं २००० साली लिहिलं होतं. माझ्याकडे एकच होती: मावशी. फोन तिच्या हातात दिला, 'एक पुस्तक राखून ठेव' म्हणालो आणि ठरवल्याप्रमाणे गप्प बसलो. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम. ती मुखपृष्ठावर टिचक्या मारत होती, जिथे मी काहीच ठेवलं नव्हतं, आणि 'खाली बघ, खाली' हे शब्द माझ्या ओठांवर येऊन परत जात होते. अखेर तिला बटण सापडलं. हिरवी खूण आली. ती खुणेकडे बघत राहिली.

"झालं?"

"झालं."

"मग आता पुस्तक ते आणून देणार, की मी जायचं?"

पूर्ण गुण मिळालेल्या त्या पाच स्क्रीनमध्ये याचं उत्तर कुठेच नव्हतं. त्या रात्री मुखपृष्ठालाही दाबता येईल असं केलं आणि हिरव्या खुणेखाली एक ओळ घातली: 'पुस्तक काउंटरवर तीन दिवस राखून ठेवलं जाईल.' दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन तिच्या हातात. या वेळी ती सरळ शेवटच्या स्क्रीनपर्यंत गेली, ओळ सावकाश वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अरे, आणि चौथ्या दिवशी?"