सायलेन्सरचा तुटका बेंड पाइप: आर्गन वेल्डिंगनंतरचे नऊ महिने

आधी निकाल सांगते, कारण हे शोधत येणाऱ्याची गाडी बहुधा दारात फटफटत उभी असणार. इंजिनातून सायलेन्सरच्या डब्याकडं जाणाऱ्या वाकड्या पाइपचा, म्हणजे बेंडचा, जोड टिकलाय. मे महिन्यात मारलेलं वेल्डिंग, आता फेब्रुवारी संपत आला, पाच हजार चारशे किलोमीटर झाले. त्याच्या आधी दोन उपाय फसले होते, आणि ते का फसले हे कळायला मला महिना लागला.

गाडी म्हणजे स्कूटर, ११० सीसी, कार्बोरेटरवाली, २०१४ ची. फुलेवाडीहून गोकुळ शिरगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर. कोल्हापूरचे रस्ते कसे आहेत ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

सुरुवात आवाजानं झाली. सकाळी थंड इंजिन चालू केलं की खालून चिक-चिक, आणि पाच मिनिटांत आवाज गायब. म्हणून दुर्लक्ष केलं. लोखंड तापलं की फुगतं आणि बारीक चीर मिटते, हे नंतर कळलं. पुढे उताराला ॲक्सिलरेटर सोडला की मागून फट्‌फट् व्हायला लागलं. चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्येच भडकतं, त्याचा तो आवाज. खाली वाकून पाहिलं तर इंजिनाला जिथं पाइप बसतो त्या फ्लँजपाशी (नटांनी आवळायची चकती), जुन्या वेल्डिंगच्या अगदी कडेला, काळी रेघ. काजळ धरायला दिव्यावर वाटी उपडी घालतात ना, तिच्या कडेला धरते तशी काजळी.

पहिला उपाय घरचाच: सायलेन्सरला लावायची पेस्ट, वर पट्टी. अकरा दिवस. इंजिनातून बाहेर पडणारा गॅस तिथं सगळ्यात गरम आणि थरथरही तिथंच सगळ्यात जास्त, तिथं लिंपण काय टिकणार? मागच्या डब्याला बारीक भोक असेल तर पेस्ट चालेल, पुढच्या बेंडला पैसे घालू नका.

दुसरा उपाय घराजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं. त्याचं रोजचं काम गेट आणि ग्रिल. साध्या आर्क वेल्डिंगचा रॉड लावला आणि चिरेच्या जागी शेंगदाण्याएवढं भोक पाडलं. पाइपचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर, त्यात एवढ्या वर्षांचा गंज. त्याचा दोष नाही. मग भोकावर त्यानं जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याचा तुकडा जोडला. पांढरा धूर निघाला तेव्हा मी लांब सरले, तो मात्र तोंडाला रुमालसुद्धा न बांधता बसला होता. जस्ताचा धूर तो, छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. तुमच्या कामाला कोणी जीआयचा तुकडा घेतला तर नको म्हणा, बिनमुलाम्याचा काळा पत्रा मागा. तो जोड तीन आठवडे चालला आणि एका स्पीडब्रेकरवर पाइप फ्लँजपासून सुटलाच. स्कूटरची खरोखरची फटफटी झाली. ढकलत नेताना ओळखीचे तीन जण भेटले, हे वेगळं.

मग उद्यमनगर, कोल्हापूरची कारखान्यांची वसाहत. ज्या गावात इंजिनं आणि पंप घडले, तिथं एक पाइप जोडून मिळणार नाही असं होणारच नव्हतं. आर्गन वेल्डिंग, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग, करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी पाइपकडं पाहिलंच नाही. मागं जाऊन सायलेन्सरचा डबा हातात धरून हलवला. डबा हलला. इंजिनाला डबा धरणाऱ्या दोन बोल्टपैकी एक जागेवरच नव्हता.

"ताई, ही चीर पडली न्हाई, पाडलीया. लोंबून लोंबून पाडलीया."

तीन-चार किलोचा डबा एका बोल्टवर आणि उरलेलं सगळं ओझं पुढच्या फ्लँजवर. दोनदा चीर बुजवली, पण ती ज्यामुळं पडली ते कारण मागं लोंबत होतं. बोल्ट का पडला, तर ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेलेले. म्हणून त्यांनी आधी तिथं हेलिकॉइल बसवली, म्हणजे भोक थोडं मोठं करून आत स्टीलचे नवे आटे. वेल्डिंग त्यानंतर.

फ्लँजचे नट निघताना माझा जीव वर आला होता. इंजिनाच्या हेडमध्ये रोवलेला स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटला तर खर्च कितीतरी पटीनं वाढतो. त्यांनी आदल्या संध्याकाळी गंजावर मारायचं तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी नट थोडा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल, असं करत काढला. एक जण तर पान्यावर पाइप घालून जोर लावायला निघाला होता, त्याला मिस्त्रींनी हाकलला.

जीआयचा तुकडा आणि खराब पत्रा कापून टाकला, तेवढाच नवा पाइप आणला. कानशीनं कडा पांढऱ्या होईपर्यंत घासल्या. मग बॅटरीची वायर काढून, टाकीच्या बाजूला ओलं पोतं धरून, पाइप गाडीवरच जागेवर लावला आणि फक्त तीन टाके मारले. का, विचारलं. टेबलावर जोडलं तर गाडीला लावताना भोकं जुळत नाहीत, मग पोरं पाइप वाकवून बसवतात आणि तो ताण पुन्हा त्याच जोडावर येतो. टाके मारून काढला, फ्लँज जाड प्लेटला बोल्टनं आवळली आणि मग पुरा घेर थांबत थांबत वेल्ड केला. शेवटचा टाका पहिल्याला भिडला तेव्हा बारीक नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा दिसत होता. फोटो काढलाय, कोणी विचारत नाही.

बसवताना नवीन गॅसकेट, म्हणजे जोडातून गॅस गळू नये म्हणून घालायची रिंग. जुनी एकदा दबलेली रिंग परत नीट बसत नाही. आधी सगळे नट-बोल्ट सैल लावायचे, मग फ्लँजचे नट आवळायचे, आणि मागचे बोल्ट शेवटी. उलटं केलं की पाइप ओढला जातो.

बिल: वेल्डिंग आणि पाइपचा तुकडा ४५०, हेलिकॉइल २५०, गॅसकेट ४०. नव्या ओरिजिनल सायलेन्सरला मला ४,२०० सांगितले होते, लोकल १,४०० ला होता.

आता नऊ महिन्यांचं. पहिल्या आठवड्यात नट परत आवळायला बोलावलं होतं, तेव्हा खरंच पाव आटा सैल निघाले. जुलैत पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली तेव्हा रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी नेली. तापलेल्या पाइपवर पाणी पडून चर्रर्र झालं, दोन दिवस मी रोज वाकून बघत होते. काही झालं नाही. फट्‌फट् बंद आहे, पायाशी येणारा वास गेला. मायलेज वाढेल असं सगळे म्हणत होते. आधी ४३ होतं, आता ४४, म्हणजे वाढलं नाही. पिकअपमध्येही मला फरक कळत नाही.

तक्रार एकच, रंगाची. हीटप्रूफ सिल्व्हर रंग दिवाळीपर्यंत उडाला आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंना गंजाची पट्टी धरलीय. वेल्ड शाबूत, शेजार कच्चा. पुढची चीर पडलीच तर तिथंच पडेल, म्हणून महिन्यातून एकदा थंड गाडी चालू करून मागच्या नळीला ओलं फडकं दाबून धरते आणि पुढं कान लावते.

ज्यांची गाडी बीएस-६, इंजेक्शनवाली आहे त्यांनी माझ्यासारखा महिना घालवू नये. त्यांच्या सायलेन्सरलाईनला ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी चीर असली की बाहेरची हवा बघून त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग गाडी उगाच जास्त पेट्रोल पिते. आणि वेल्डिंगआधी तो सेन्सर काढून घ्या.

काल तपासलं तेव्हा मागचा एक बोल्ट किंचित फिरला. आवळला, स्प्रिंग वायसर नवा टाकला. बारा नंबरचा पाना आता डिकीतच असतो, रेनकोटखाली.